जुन्या रोड ट्रिपचे फोटो पुन्हा धुताना

दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या रोड ट्रिपचं फोल्डर उघडलं की हजारभर फोटो सापडतात. त्यातले वीस-पंचवीस तेव्हा घाईघाईने सुधारून मित्रमंडळींना पाठवलेले असतात, बाकीच्यांना कुणी हातही लावलेला नसतो. पाठवलेल्यांतही आकाश नको इतकं निळं, झाडांच्या कडेने पांढरी रेघ, सावलीतला रस्ता राखाडी आणि रवाळ. हे दोष बऱ्याचदा कॅमेऱ्याचे नसतात. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली कच्ची फाइल, असेल तर सेन्सरने त्या दिवशी जे टिपलं ते सगळं तिच्यात जसंच्या तसं आहे. त्यापासून फोटो तयार करणारं गणित मात्र मधल्या काळात पार बदललं आहे. रोल धुऊन आणायच्या दिवसांतली भाषा वापरायची तर निगेटिव्ह शाबूत आहे, तिच्यावरून फोटो नव्याने धुऊन घ्यायचे आहेत.

रोड ट्रिपच्या फोटोंची एक मोठी सोय अशी, की ते सुटे नसतात. एकाच काचेतून, एकाच लेन्सने, सेन्सरवरची तीच धूळ घेऊन आणि तासन्‌तास तोच उजेड धरून काढलेले असतात. त्यामुळे एकेक फोटो घेऊन बसण्यापेक्षा एकेक टप्पा धुवा. टप्प्यातला एक फोटो नीट बसला की बाकीचे तीस-चाळीस जवळपास तयार होतात, आणि सगळी मालिका एका दिवसाची वाटते. सुटे फोटो सुधारले की प्रत्येकाचं आकाश वेगळं होतं, आणि अल्बम उलटताना ते लगेच खटकतं.

मूळ फाइल कोणती, ते आधी ठरवा

जुन्या ट्रिपचे फोटो सहसा तीन-चार ठिकाणी विखुरलेले असतात: बंद पडत आलेला लॅपटॉप, एखादी डीव्हीडी, बाहेरची हार्ड डिस्क, विसरलेलं मेमरी कार्ड. एकच फोटो चार रूपांत सापडतो. त्यातला मूळ कोणता हे पिक्सेलच्या मापावरून ओळखा. सहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा पूर्ण फोटो ३०७२ × २०४८ च्या आसपास असतो, बारा मेगापिक्सेलचा ४२८८ × २८४८ च्या आसपास. १६०० किंवा १२८० पिक्सेल रुंदीची फाइल दिसली तर ती कुणाला तरी पाठवण्यासाठी लहान केलेली प्रत समजा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली फाइल आकाराने लहान होतेच, शिवाय तिच्यातली तारीख, लेन्स आणि शटरची माहितीही गळून पडते. मूळ खरोखरच हरवलं असेल तरच तिच्यावर वेळ घाला.

सापडेल ते सगळं एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, जुन्या जागेवरून हलवू नका. एका ड्राइव्हमध्ये न वाचलेली डीव्हीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली जाते, म्हणून एकदा अडकली की लगेच टाकून देऊ नका. काम सुरू करण्यापूर्वी किमान तीन प्रती हव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. मूळ फोल्डर 'फक्त वाचन' करून ठेवा. यापुढचं सगळं काम प्रतीवर.

घड्याळ

टप्पे पाडायचे तर वेळ बरोबर हवी, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ हमखास चुकलेलं असतं. बॅटरी बराच काळ काढून ठेवल्यावर तारीख मूळपदावर गेलेली असते, किंवा प्रवासात टाइमझोन बदलून कॅमेऱ्याला सांगायचं राहून गेलेलं असतं. दोन कॅमेरे असतील तर दोघांच्या वेळांत काही मिनिटांचा फरक असतोच, आणि फोटो वेळेनुसार लावले की एकच जागा दोनदा येते.

फरक काढण्यासाठी फ्रेममध्ये खरी वेळ दाखवणारी वस्तू शोधा: स्टेशनवरचं घड्याळ, टोलची पावती, गाडीच्या डॅशबोर्डवरचे आकडे. यातलं काहीच नसेल तर त्याच क्षणी फोनने काढलेला फोटो शोधा. फोनची वेळ नेटवर्कवरून येत असल्यामुळे ती विश्वासाची असते. फरक कळला की एक्झिफटूलसारख्या मोफत साधनाने किंवा अडोबीच्या लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममधल्या वेळ बदलण्याच्या सोयीने त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो एकदम तेवढेच पुढे-मागे सरकवा. एकेका फोटोची वेळ हाताने घालू नका, त्यात क्रम बिघडतो. आणि फाइलची संगणकावरची तारीख पाहून काही ठरवू नका. ती कॉपी करताना बदलते. फोटो काढल्याची वेळ एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या माहितीत, असते.

टप्पे आणि निवड

आता उजेडाप्रमाणे टप्पे पाडा. पहाटेचा निळसर उजेड, सकाळचं तिरकं ऊन, दुपारचं कडक ऊन, ढगाळ घाट, संध्याकाळ, रात्र. गाडीतून काचेआडून काढलेले फोटो, वेळ कुठलीही असो, वेगळे ठेवा, कारण त्यांचे दोष वेगळे असतात.

निवड दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत फक्त हललेले, फोकस चुकलेले आणि निव्वळ दुबार फोटो बाजूला टाका, पण पुसू नका. 'काळोखा आला आहे' किंवा 'रंग फिके आहेत' म्हणून काहीही टाकू नका, कारण नेमके हेच दोष आता दुरुस्त होतात. हललेला फोटो आणि चुकलेला फोकस दुरुस्त होत नाहीत. ते दुरुस्त करतो म्हणणारे प्रोग्रॅम बारकावे स्वतःच्या मनाने भरतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टप्प्यातून पाच ते दहा फोटो निवडा आणि त्यातला एक 'पायाचा फोटो' ठरवा. पायाच्या फोटोत आकाश, जमीन आणि एखादी पांढरी किंवा राखाडी वस्तू असेल तर उत्तम: मैलाचा दगड, रस्त्यावरचा पांढरा पट्टा, पांढरी गाडी.

स्क्रीन

हे थोडक्यात, पण टाळू नका. लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून केलेले फोटो छापल्यावर काळपट येतात. उजळ स्क्रीनवर फोटो पुरेसा उजळ दिसतो, म्हणून आपण तो उजळवतच नाही. स्क्रीनची चमक चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला, पांढरा रंग ६५०० केल्विन, रात्रीचा पिवळा मोड बंद. मोजायचं यंत्र नसेल तर पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचं कोरं पान त्याच्याइतकंच उजळ दिसेल एवढी चमक ठेवा.

रॉ फाइल शून्यापासून

जुन्या सुधारणा पुसून टाकायला मन धजत नाही, पण त्यांच्यावरच नवं काम रचणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत महाग दुखणं आहे. लाइटरूम २०१२ मध्ये चौथ्या आवृत्तीला आलं तेव्हा उजेड-सावलीचं गणितच बदललं. 'रिकव्हरी' आणि 'फिल लाइट' हे स्लायडर जाऊन 'हायलाइट्स' (उजळ भाग) आणि 'शॅडोज' (सावल्या) आले. त्याआधी सुधारलेली फाइल आजही जुन्या गणितानेच उघडते आणि तुम्ही स्वतः बदलेपर्यंत तशीच राहते. म्हणून आधी व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाइलची प्रोग्रॅममधली दुसरी नोंद) करा, म्हणजे जुनं रूप तुलनेला हाताशी राहील. मग त्या कॉपीवर सगळं रीसेट करा आणि प्रोसेस व्हर्जन, म्हणजे हे गणित, सध्याचं करा. डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे मोफत प्रोग्रॅम वापरत असाल, तरी तत्त्व हेच.

पायाच्या फोटोवर पुढचा क्रम पाळा.

१. लेन्सची दुरुस्ती सुरू करा. कोपरे उजळतात, वाकलेलं क्षितिज सरळ होतं. झाडाच्या फांद्यांना आकाशाकडच्या बाजूने जांभळी-हिरवी कड असेल तर क्रोमॅटिक ॲबरेशनचा पर्याय चालू करा. जुन्या स्वस्त झूम लेन्सवर हा फरक एका क्लिकमध्ये दिसतो.

२. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल, लावा. पांढरा पट्टा किंवा मैलाचा दगड उन्हात असेल तरच त्यावरून मोजा. सावलीतल्या पांढऱ्यावर आकाशाचा निळा रंग पडलेला असतो, त्यावरून मोजलं तर उन्हातला सगळा भाग पिवळा होतो. भर उन्हाला साधारण ५२०० ते ५५०० केल्विन, सावलीला ७००० च्या पुढे. सूर्यास्ताचे फोटो 'ऑटो'वर सोडू नका. तो केशरी रंगाला दोष समजून पुसायला जातो.

३. एक्स्पोजर (एकूण उजळपणा) हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटणीचा आलेख, पाहून ठरवा. आधी हायलाइट खाली घ्या, मग एक्स्पोजर वर, मग सावल्या. उलट क्रमाने गेलात तर सावल्या नको तेवढ्या उघडल्या जातात आणि फोटो सपाट होतो.

४. सावल्या उघडल्यावर ब्लॅक थोडं खाली आणा. फोटोत कुठेतरी खरा काळा हवा, टायर, झाडाच्या बुंध्याची फट, काहीतरी. जुन्या फोटोंचा राखाडीपणा बऱ्याचदा एवढ्यानेच जातो.

५. रंग शेवटी. सगळे रंग सारखे वाढवणाऱ्या सॅच्युरेशनपेक्षा फिके रंग जास्त वाढवणारं व्हायब्रन्स वापरा, तेही १० ते १५ पर्यंतच. २०१० च्या आसपास एचडीआरची (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करण्याची) जी लाट होती, तिच्यामुळे आपल्या डोळ्यांना अजून भडक रंगांची सवय आहे. दहा मिनिटं उठून परत या आणि मग पाहा.

रॉ फाइलमध्ये किती वाव आहे हे आकड्यांवरून कळतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६३८४. म्हणून रॉमधली सावली दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उघडली तरी ती सहसा तुटत नाही. पांढराफटक पडलेला ढग मात्र रॉमध्येही एका मर्यादेपर्यंतच परत येतो. तिन्ही रंग पूर्ण भरले असतील तिथे परत आणायला काहीच शिल्लक नसतं. अशा ढगाला राखाडी करू नका, पांढराच राहू द्या.

आकाशातले ठिपके

लेन्स बदलता येणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांची ही मोठी पीडा. ऑलिंपसच्या ई-१ मध्ये २००३ साली सेन्सर थरथरवून धूळ झाडण्याची सोय आली, इतर कंपन्यांनी ती नंतर घेतली. रोड ट्रिपवर गाडीत, धुळीत लेन्स बदलली जाते, आणि मग तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक आकाशात तेच करडे ठिपके.

धूळ सेन्सरवर नव्हे, त्याच्या समोरच्या फिल्टरच्या काचेवर बसते. आपल्याला दिसते ती तिची सावली. एफ/२.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं असताना, उजेड चहूबाजूंनी येतो म्हणून सावली विरून जाते. एफ/१६ ला उजेडाचा झोत अरुंद, म्हणून ठिपका रेखीव. १०० टक्क्यांवर पाहिलं तर मधोमध गडद आणि कडेला विरत जाणारं वर्तुळ दिसतं. पक्षी असेल तर कडा कापल्यासारख्या असतात. हा फरक ओळखायला शिका, नाहीतर दूरवरची घार पुसली जाईल.

सगळे ठिपके शोधण्याची युक्ती अशी: डीहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) तात्पुरता +१०० वर न्या. आकाश भेसूर होईल, पण मघाशी न दिसलेले ठिपकेही उठून दिसतील. डावीकडून उजवीकडे, एकेक पट्टा पाहत, १०० टक्क्यांवर एकेक ठिपका हीलने, म्हणजे शेजारचा भाग वर बसवणाऱ्या ब्रशने, काढा. ब्रशचा आकार ठिपक्यापेक्षा थोडाच मोठा ठेवा. काम झालं की डीहेझ शून्यावर.

आता टप्प्याचा फायदा. धूळ जागा सोडत नाही, म्हणून हेच हील त्याच दिवसाच्या बाकीच्या आडव्या फोटोंवर सिंक करा, म्हणजे एकदम उतरवा. उभ्या फोटोंचा एक वेगळा पायाचा फोटो करून तो उभ्यांवर सिंक करा. मग प्रत्येक फोटोवरून नजर फिरवाच. आकाशातल्या ठिपक्यासाठी लावलेलं हील दुसऱ्या फोटोत एखाद्या माणसाच्या खांद्यावर येऊन बसलेलं असतं, आणि तिथे आकाशाचा तुकडा चिकटतो.

काचेआडून काढलेले फोटो

चालत्या गाडीतून काढलेले फोटो बरेचजण पहिल्याच फेरीत टाकून देतात. प्रवासाची खरी गती त्यांच्यातच असते, म्हणून त्यांच्यावर कष्ट घ्या.

पुढच्या काचेतून आलेल्या फोटोंत तीन गोष्टी एकदम होतात: हिरवट झाक, फिकट काळा आणि डॅशबोर्डचं प्रतिबिंब. हिरवट झाक काढायला टिंट मॅजेंटाकडे (गुलाबी-जांभळ्याकडे) ८ ते १५ ने न्या आणि रस्त्याच्या डांबराकडे पाहत राहा. डांबर राखाडी दिसलं की थांबा. फिकटपणासाठी ब्लॅक खाली घ्या आणि डीहेझ १० ते २० द्या. काचेची झाक सगळ्या फोटोंत सारखी असते, त्यामुळे हे सेटिंग एकदा जमलं की प्रीसेट म्हणून जपून ठेवा. त्या गाडीतून, त्या काचेतून काढलेल्या प्रत्येक फोटोला ते लागू पडतं.

प्रतिबिंब सहसा खालच्या तिसऱ्या भागात असतं. खालून वर जाणारा ग्रेडियंट मास्क (हळूहळू विरत जाणारी निवड) लावून त्या भागाचं डीहेझ १५ ते २५ आणि ब्लॅक −१० करा. बरंचसं दबतं. कागद किंवा फडक्याचं पांढरं प्रतिबिंब असेल तर तेवढ्याने भागत नाही, तिथे क्रॉप हाच प्रामाणिक उपाय. काही नव्या प्रोग्रॅममध्ये प्रतिबिंब काढण्याचं स्वतंत्र साधन आलं आहे. ते वापरताना काचेमागच्या खऱ्या वस्तू नाहीशा होत नाहीत ना, हे मूळ फोटो शेजारी ठेवून तपासा.

बाजूच्या काचेतून पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावून फोटो काढला असेल तर आकाशात इंद्रधनुषी चट्टे किंवा ठिपक्यांची जाळी दिसते. बहुतेक गाड्यांच्या बाजूच्या काचा तापवून झटकन थंड केलेल्या असतात. त्या काचेतला ताण पोलरायझर उघडा करतो. हे चट्टे रंगाचे असतात, उजेडाचे कमी. म्हणून आकाशाचा मास्क करून त्यातलं सॅच्युरेशन −३० ते −५० करा आणि मग हलका निळा रंग परत द्या. फार गडद असतील तर फोटो कृष्णधवल करा. तिथे ते बहुतांशी नाहीसे होतात.

मोबाइलने काढलेल्या फोटोंत जवळचे विजेचे खांब तिरके दिसतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. जवळचा खांब जास्त झुकतो, दूरचा कमी, त्यामुळे ट्रान्सफॉर्म साधनाने सगळे एकदम सरळ होत नाहीत. तसेच राहू द्या, वेग दिसतो.

धुरकट डोंगर

डीहेझ २०१५ मध्ये लाइटरूममध्ये आलं आणि तेव्हापासून त्याचा अतिरेक चालू आहे. दूरचा डोंगर निळसर आणि फिका दिसतो तो मधल्या हवेमुळे, आणि त्याच फिकेपणामुळे डोंगर दूर वाटतो. तो सगळा काढला तर दहा किलोमीटरवरचा डोंगर अंगणात आल्यासारखा दिसतो.

पूर्ण फोटोला डीहेझ देऊ नका. डोंगरांच्या पट्ट्यापुरता मास्क करून १० ते २५ द्या. लाइटरूममध्ये २०२१ च्या अखेरीपासून आकाश आपोआप निवडलं जातं. ते निवडून उलट करा आणि ग्रेडियंटने पुढची जमीन वजा करा, डोंगर उरतात. डीहेझमुळे तो भाग गडद आणि निळसर-जांभळा होतो, त्यासाठी त्याच मास्कमध्ये एक्स्पोजर +०.१५ ते +०.३० आणि तापमान थोडं उबदार. आकाशाला जिथे डोंगराची कड लागते तिथे २०० टक्क्यांवर पाहा. पांढरी रेघ उमटली असेल तर डीहेझ जास्त झालं आहे.

पोलरायझर आणि रुंद लेन्स एकत्र वापरली असेल तर आकाशाच्या एका बाजूला गडद निळा पट्टा पडलेला असतो. सूर्यापासून काटकोनात आकाश सर्वाधिक ध्रुवित असतं आणि रुंद लेन्समध्ये तेवढाच भाग काळवंडतो. गडद बाजूवर ग्रेडियंट लावून एक्स्पोजर +०.४ ते +०.८ आणि सॅच्युरेशन −१० करा.

नॉइज

जुन्या कॅमेऱ्यांवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० म्हणजे नॉइजच्या रव्याची पखरण. या बाबतीतला बदल थक्क करणारा आहे. डीएक्सओ कंपनीचं नॉइज काढणारं डीपप्राइम २०२० मध्ये आलं, अडोबीचं एआय डीनॉइज एप्रिल २०२३ मध्ये. दोन्ही रॉ फाइलवरच काम करतात आणि सेन्सरचे रंगीत ठिपके जुळवतानाच नॉइज काढतात. त्यामुळे बारकावे बरेच टिकतात.

हे काम ठिपके काढणं आणि मास्क लावणं यांच्या आधी करा, नाहीतर तेच काम दोनदा करावं लागतं. जोर ३० ते ५० च्या मध्ये ठेवा. पूर्ण १०० ला चेहरे मेणाचे होतात, दूरची पानं शेवाळासारखी चिकटतात आणि पाटीवरची पुसट अक्षरं भलतीच अक्षरं बनतात. हे शेवटचं फार धोक्याचं आहे. पाटीवर गावाचं नाव आहे म्हणून तो फोटो जपला, आणि प्रोग्रॅमने नावच बदललं, असं होऊ शकतं. नॉइज काढल्यानंतर पाट्या, नंबरप्लेट आणि चेहरे मूळ फोटोशी ताडून पाहा. थोडा रवा राहिला तरी चालेल, छापल्यावर तो दिसतही नाही.

आयएसओ १०० ते ४०० च्या फोटोंना हे साधन लावूच नका. वेळ जातो, फायदा दिसत नाही.

विसरलेले पॅनोरमा आणि ब्रॅकेट

जुन्या फोल्डरमधला सर्वांत मोठा खजिना हाच. घाटमाथ्यावर उभं राहून हाताने पाच-सहा फ्रेम काढलेल्या असतात, तेव्हा त्या जुळल्या नाहीत म्हणून पडून राहिलेल्या. सारख्या वेळेचे, एकमेकांत साधारण तिसरा भाग मिसळणारे फोटो दिसले की थांबा.

२०१५ पासून लाइटरूम रॉ फोटो जोडून पुन्हा डीएनजी, म्हणजे रॉ प्रकारची, फाइलच देतं, म्हणजे जोडल्यानंतरही सावल्या उघडता येतात. मोफत ह्यूजिन हाही चांगला पर्याय. जोडण्यापूर्वी सगळ्या फ्रेमचा व्हाइट बॅलन्स सारखा करा आणि लेन्सची दुरुस्ती चालू ठेवा. एक्स्पोजर ऑटोवर असल्यामुळे फ्रेम कमीजास्त उजळ असतील तर आधी त्या सारख्या करा. दूरचं दृश्य छान जुळतं. पुढ्यातला कठडा मात्र तुटतो, कारण दोन फ्रेमच्या मध्ये तुम्ही कॅमेरा फिरवताना थोडा सरकवलेलाही असतो. कठडा क्रॉप करा किंवा त्या भागापुरती एकच फ्रेम वापरा.

−२, ०, +२ अशा तीन एक्स्पोजरच्या जोड्या, म्हणजेच ब्रॅकेट, सापडल्या तर एचडीआर मर्जने एक करा. पण आधी नुसती मधली किंवा काळोखी रॉ फाइल उघडून पाहा. हलकं डीनॉइज लावून तीच पुरेशी ठरते, आणि हलणाऱ्या फांद्यांची भुतं येत नाहीत.

फक्त जेपेग असेल तर

इथे हात आखडता घ्या. व्हाइट बॅलन्स आणि शार्पनिंग कॅमेऱ्यात पक्कं झालेलं असतं आणि जेपेग फोटो ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबून ठेवतं. सावली एक स्टॉपपेक्षा जास्त उघडली की ते चौकोन दिसू लागतात. आकाश गडद केलं की निळ्याच्या पायऱ्या पडतात. पायऱ्या पडल्याच तर किंचित ग्रेन द्या, १० च्या आसपास. कडा मोडतात. शार्पनिंग शून्य ठेवा, जुन्या कॅमेऱ्याने ते आधीच भरपूर केलेलं असतं. जेपेग उघडून, बदलून पुन्हा त्याच नावाने साठवू नका. दर खेपेला थोडं थोडं मरतं. लाइटरूम किंवा डार्कटेबलसारख्या, मूळ फाइलला हात न लावणाऱ्या प्रोग्रॅममध्येच काम करा.

त्याहून जुन्या ट्रिपचे कागदी फोटो असतील तर ते ६०० डीपीआयला, ३५ मिमी निगेटिव्ह ३२०० डीपीआयला स्कॅन करा. त्यातून साधारण ४५०० × ३००० पिक्सेल मिळतात. साठवायचं १६ बिट टिफमध्ये. इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय रंगीत निगेटिव्हवर छान चालते. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर ती बंद ठेवा, कारण त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि प्रोग्रॅम चित्रालाच धूळ समजतो.

एक फोटो, पहिल्यापासून

समजा संध्याकाळचा रस्ता आहे. बारा मेगापिक्सेल, आयएसओ १६००, १/३० सेकंद, एफ/४. वर केशरी आकाश, खाली जवळजवळ काळा रस्ता, कडेला थांबलेली गाडी, क्षितिज उजवीकडे कललेलं.

जुनं सेटिंग रीसेट, प्रोसेस व्हर्जन नवं. डीनॉइज ४०. तयार झालेली फाइल १०० टक्क्यांवर उघडून गाडीची नंबरप्लेट मूळ फोटोशी ताडून पाहिली. लेन्स दुरुस्ती चालू. कॅमेऱ्याने ४००० च्या आसपास धरलेला व्हाइट बॅलन्स ५३०० वर नेला, केशरी परत आला. हायलाइट −६०, एक्स्पोजर +०.५, शॅडो +३५, ब्लॅक −१२. रस्ता आता दिसतो, पण आकाशाइतकाच महत्त्वाचा होऊन बसतो, म्हणून शॅडो +२५ वर मागे आणली. संध्याकाळी रस्ता आकाशापेक्षा काळोखा असतोच, तसाच दिसला पाहिजे. गाडीभोवती हलका गोल मास्क, +०.२. क्षितिज १.२ अंशांनी सरळ. शार्पनिंगची त्रिज्या १.०, मास्किंग ६०, म्हणजे आकाशातला रवा धारदार होत नाही. आता याच टप्प्यातल्या बाकीच्या फोटोंवर व्हाइट बॅलन्स, हायलाइट, ब्लॅक आणि लेन्स दुरुस्ती सिंक करा. एक्स्पोजर, क्रॉप आणि मास्क प्रत्येकाचे वेगळे.

छापणं

सहा मेगापिक्सेलचा फोटो ३०० पीपीआयला साधारण १० × ७ इंच छापता येतो, २०० ला १५ × १०. भिंतीवर लावायच्या फोटोला २०० पुरतात. त्याहून मोठा हवा असेल तर २०२१ मध्ये आलेलं अडोबीचं सुपर रिझोल्यूशन रॉ फाइलवर वापरा. लांबी-रुंदी दुप्पट होते. चेहऱ्यांवर ते वापरलं तर निकाल नीट तपासा. मोठी प्रिंट देण्यापूर्वी त्याच कागदावर एक लहान चाचणी प्रिंट काढा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. काळपट आली तर +०.२ ते +०.३ ने उजळवून पुन्हा एक. स्क्रीनवर दाखवण्यासाठी एसआरजीबी रंगव्यवस्था, लांब बाजू २०४८ ते २५६०, दर्जा ८५ च्या आसपास.

त्याच रस्त्याला पुन्हा जाणार असाल तर

जुन्या फोटोशेजारी आजचा फोटो ठेवायचा असेल तर निघण्यापूर्वी एक्झिफमधून तीन गोष्टी टिपून घ्या: फोकल लेन्थ, तारीख आणि दुरुस्त केलेली वेळ. कॅमेरा वेगळ्या सेन्सरचा असेल तर ३५ मिमीच्या हिशोबात बदलून घ्या. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरचे १८ मिमी म्हणजे फुल फ्रेमवरचे (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरचे) साधारण २७, कॅननच्या एपीएस-सीवर २९.

तीच सावली हवी तर तीच तारीख हवी असं नाही. २१ जूनच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या तारखांना सूर्य आकाशात जवळपास त्याच वाटेने जातो. २१ एप्रिलचा फोटो २२ ऑगस्टला काढता येतो, घड्याळात काही मिनिटांचा फरक धरून.

जागेवर पोचल्यावर जुना फोटो फोनवर पूर्ण उजळ करून हातात धरा. एक जवळची आणि एक दूरची वस्तू निवडा, म्हणजे मैलाचा दगड आणि त्यामागे डोंगराचा सुळका. जुन्या फोटोत सुळका दगडाच्या डावीकडे असेल आणि आता उजवीकडे दिसत असेल तर डावीकडे सरका. सुळका जागेवर आला की पुढे-मागे व्हा. दगड जुन्या फोटोपेक्षा डोंगराच्या मानाने मोठा दिसत असेल तर मागे जा. शेवटी उंची: दगडाचं टोक डोंगराच्या ज्या रेषेला लागत होतं तिथे येईपर्यंत गुडघे वाकवा. रस्ता रुंद झाला असेल तर जुनी जागा आता वाहत्या रस्त्यात असू शकते. तेव्हा कडेला थांबा, थोडी जास्त लांबीची लेन्स लावा आणि उरलेला फरक क्रॉपने मिळवा.